पंधरा रात्री वलांडीवर

रेमंडची गोष्ट पावापासून सुरू करतो. आगाशीच्या बाजारात रेमंड पाव घ्यायला उभा राहिला की मागची माणसं दुसऱ्या दुकानाकडे वळायची. हा पाव अंगठ्यानं दाबणार, सोडणार, तो किती वेगानं वर येतो ते बघणार, मग दुसरा दाबणार. बेकरीवाला म्हणायचा, "रेमंड, खायचाय का मोटारीच्या सीटखाली बसवायचाय?"

लग्नाला मुलगी बघायला गेला तेव्हाची तर कमालच. चहा आला, मुलगी आली, आणि हा भिंतीवरच्या बटणाकडे बघत बसलेला. उठला, तीन वेळा दाबलं, मुलीच्या बापाला म्हणाला, "ठिणगी पडते." स्क्रू-ड्रायव्हर खिशात होताच. बटण दुरुस्त करून घरी आला. आईनं विचारलं, "पोरगी कशी हाय?" म्हणाला, "अर्थिंग नाय." लग्न तिच्याशीच झालं, बरं का. फार गुणी बाई. लवकर गेली.

मी डॉमनिक, राजोडीचा. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो, पण अक्षर मोत्यासारखं. आमच्या मास्तरांनी छडीच्या टोकानं एकेक वेलांटी वळवून घेतली होती. पुढं चाळीस वर्षं बोटीवर गेलो. आता बोट नाही, गुडघे नाहीत, गोष्टी आहेत. घर समुद्राच्या तोंडाशी. अंगणात माझ्या बायकोच्या, मटिल्डाच्या वलांड्या. आडवे बांबू बांधून केलेल्या या चौकटींवर बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत घालतात. खाली जमिनीवर जुनं जाळं पसरून जवळा, म्हणजे बारीक कोळंबी. रेमंडचं घर माझ्या मागच्या आळीत. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, म्हणून मला दादा म्हणतो.

तीस वर्षं तो अंधेरीच्या बाजूला एका कारखान्यात कॉम्प्युटरचे बोर्ड तपासायच्या कामावर होता. बनवणारे शंभर, तपासणारा हा एक. रेमंडची सही झाल्याशिवाय खोकं बंद होत नसे. कारखाना एके दिवशी बंद पडला. साहेबांनी निरोपाला घड्याळ दिलं. यानं ते तिथंच कानाला लावलं आणि सांगितलं, "पाठी पडतंय." घरी आणून महिनाभर बघितलं, खरंच रोज दोन मिनिटं पाठी पडत होतं.

आता बोर्ड म्हणजे काय ते सांगतो, कारण मलाही आधी ठाऊक नव्हतं. माझ्या लेखी बोर्ड म्हणजे शाळेतला फळा. हा बोर्ड म्हणजे वीतभर लांबीची हिरवी पाटी. तिच्यात रांगेनं बारीक बारीक भोकं, दोन हजारांच्या वर. प्रत्येक भोकाभोवती तांब्याचं इवलंसं कडं, त्याला कथलाची कल्हई. ज्यांना घरच्या घरी आपल्या हातानं छोटा कॉम्प्युटर बनवायची हौस असते, ते त्या भोकांत चिपा बसवतात, मागून तारा सोल्डर करतात. चुकलं की उकलतात आणि परत जोडतात. शिंप्याचा कच्चा टाका असतो ना, तसं काम. मटिल्डानं पहिल्यांदा तो बघितला तेव्हा म्हणाली, "ही चाळन कसली रे, रेमंड? हिच्यातून रवा पन खाली पडायचा नाय."

तेव्हापासून आमच्या घरात त्या बोर्डाचं नाव चाळन.

रेमंडलाही तसला एक कॉम्प्युटर बनवायचा होता. आताच्यासारखा नव्हे, चाळीस वर्षांपूर्वीच्या चिपेवर चालणारा. मी विचारलं, "कशाला रे? पोरांच्या खिशात त्याहून मोठा कॉम्प्युटर असतो."

"तीस वर्षं दुसऱ्यांचे तपासले, दादा," तो म्हणाला. "एक माझा चालू झालेला बघायचाय."

चार वेळा त्यानं सुरुवात केली होती आणि चारही वेळा आमच्या हवेनं खाल्ली. इथला वारा सायकलीची चेन खातो, दाराच्या बिजागऱ्या खातो, चर्चच्या घंटेची साखळी त्यानं दोनदा खाल्ली. बाजारातल्या बोर्डांवर तर एका पावसाळ्यात हिरवा गंज. तांब्याची कडी सुटून यायची आणि तिच्याबरोबर महिनोन्महिने जोडलेल्या तारा.

अशात प्रल्हाद आला. वसईच्या औद्योगिक वसाहतीत त्याचे दोन गाळे, राहायला विरारला फ्लॅटमध्ये, मूळचा साताऱ्याकडचा. पूर्वी रेमंडच्या हाताखाली शिकलेला. आता हौशी लोकांसाठी असेच बोर्ड काढायचं त्याच्या मनात होतं. नवे तीन नमुने घेऊन आला आणि म्हणाला, "सर, किनारपट्टीला टिकेल असा बोर्ड मार्केटमध्ये नाही. तुम्ही ओके म्हणालात तर छापतो. तुमची सही नसेल तर फाइल बंद. सिंपल."

रेमंडनं नमुना नाकाजवळ धरला. तुम्हाला वाटेल वास घेतोय. नव्हे, त्याला तेवढ्या अंतरावरच दिसायचं. साखरेनं एक डोळा नेला होता, दुसऱ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरनं सांगितलं होतं, आहे तेवढं राहिलं तर नशीब. म्हणजे हा पाचवा बोर्ड टिकला तर टिकला, सहावा काही त्याच्या डोळ्यांना जोडायला मिळणार नव्हता. हे त्यानं प्रल्हादला सांगितलं नाही. मला सांगितलं, ते पण मी तीनदा विचारल्यावर.

तीन नमुन्यांची त्यानं वाटणी केली. एक छळायला, एक वाऱ्यावर टांगायला, एक आपला कॉम्प्युटर बांधायला.

छळ तर मी डोळ्यांनी बघितला. चाळीस पायांची चिप असते, गोमेसारखी. ती भोकांवर ठेवून अंगठ्यानं दाबली, एका दमात बसली. रेमंड म्हणाला, "अंतर बरोबर." मग एकाच कड्याला तापलेली इस्त्री लावायची, म्हणजे सोल्डरची हो, कपड्यांची नव्हे, कथील वितळवायचं, काढायचं, परत लावायचं. बाजारचा बोर्ड तिसऱ्या वेळेला राम म्हणायचा, ओल्या पाकिटावरच्या तिकिटासारखं कडं निघून यायचं. हा दहा वेळा टिकला, अकराव्याला सुटला. मग दोन दिवस मीटरची दोन टोकं घेऊन एकेक रांग तपासली. जिथं जोड हवा तिथं पीं वाजायला हवं, जिथं नको तिथं गप्प. दोन दिवस आळीत नुसतं पीं पीं. शेजारच्या कोंबड्यांनी अंडी द्यायचं सोडलं असं मी सगळ्यांना सांगत होतो. ते काही खरं नव्हतं.

राहिली वाऱ्याची परीक्षा. डिसेंबर लागला होता आणि नेमकी ऑपरेशनची तारीख आली. त्याची मुलगी शर्लिन विरारला राहते, ती म्हणाली, "डॅडी, तीन आठवडे माझ्याकडे. वारा लागायला नको." तेव्हा रेमंड टांगायचा नमुना घेऊन माझ्या अंगणात आला. सोबत शंभर पानी वही.

आता हा भाग नीट सांगतो.

मी तेव्हा त्याला मुशीची, म्हणजे छोट्या शार्कची, गोष्ट सांगत होतो. त्याच्याच मामाची गोष्ट. मुशी बोटीत येऊन दोन तास झालेले, मेली म्हणून सगळे तिच्यावर पाय देऊन उभे, आणि मामानं बिडी पेटवली तोच तिनं त्याचा गमबूट धरला. रेमंड मधे मधे बोलत होता. "दादा, ऐक. दिवसा मीठ येऊन नुसतं बसतं. कोरडं मीठ काय करत नाय. रातचा दंव पडतो, मीठ भिजतं, मग तांबं खातं. रातचीच खरी परीक्षा. पंधरा दिवस, पंधरा रात्री. काढायचा नाय." मी म्हटलं, "हो रे, हो. मग मामा काय करतो, एका बुटानं नाचतो..."

तो हसला. गोष्ट पुरी ऐकून घेतली. बोर्ड त्यानं आपल्या हातानं सुतळीनं वलांडीच्या टोकाला बांधला, बोंबलांच्या रांगेच्या शेवटी.

मी रोज सकाळी आठ वाजता चष्मा लावून बघायचो आणि वहीत लिहायचो. मास्तर असते तर शाबासकी दिली असती अशा अक्षरात. 'दिवस पहिला. रात्रभर बाहेर. चकचकीत.' 'दिवस सहावा. रात्रभर बाहेर. दंव भरपूर. चकचकीत.' दंव भरपूर होतंच, माझी चप्पल भिजायची. 'दिवस पंधरावा. रात्रभर बाहेर. डाग नाही.' वही नवी होती, लिहायला मजा यायची.

नाताळच्या दोन दिवस आधी रेमंड परतला, डोळ्याला हिरवी पट्टी. बोर्ड हातात घेतला, अंगठ्याच्या पोटानं एकेक रांग चाचपली. तोंड असं फुललं की मला वाटलं दोन्ही डोळे परत मिळाले. "दादा, वाच." मी पंधरा दिवस वाचून दाखवले. त्यानं प्रत्येक दिवसाला मान हलवली. मग प्रल्हादच्या कागदावर सही केली. शर्लिननं बोट धरून जागा दाखवली तिथं.

प्रल्हादनं बोर्ड छापले. पाकिटावर ओळ टाकली, 'समुद्राच्या हवेत पंधरा दिवस-रात्र तपासलेला. तपासनीस: रेमंड, राजोडी.' रेमंडनं ते पाकीट घरातल्या आल्तारावर, देवापुढच्या मेणबत्तीशेजारी ठेवलं. मी म्हटलं, "फादर रागावतील." म्हणाला, "सही खरी हाय. देवापुढं ठेवायला काय हरकत?"

मग त्यानं तिसऱ्या नमुन्यावर आपलं काम मांडलं. अडीच-तीन महिने. टेबलावर भिंगाचा दिवा, तोंड बोर्डाला टेकलेलं, नाकावर दोनदा भाजून घेतलं. तारा रंगांनी ओळखता येईनात तेव्हा गाठी मारून ओळखायला लागला; लालला एक गाठ, काळ्याला दोन. गाठी मी शिकवल्या, हे सांगायला हवं. आमचा जाळ्याचा धंदा कुठं तरी उपयोगी पडला.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी त्यानं मला आणि मटिल्डाला बोलावलं. जुना छोटा टीव्ही, त्याच्यामागं तारांचं जंजाळ. बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. मग काळ्या काचेवर ठिपक्यांनी अक्षरं उमटली, राजोडी. एकेक ठिपका त्यानं स्वतः मांडला होता. मटिल्डा म्हणाली, "एवढंच?" रेमंड म्हणाला, "एवढंच, वैनी." आणि आम्ही तिघं हसत सुटलो. त्याला ती अक्षरं दिसत नव्हती. काचेवर हात ठेवून विचारत होता, "इथं हाय ना? आता इथं?" मी त्याचं बोट धरून काना मात्रा दाखवल्या.

रोज संध्याकाळी पाचला तो बटण दाबायचा आणि मला हाक मारायचा, "दादा, हाय का?" मी त्याच्या खिडकीतून डोकावून सांगायचो, "हाय."

पावसाळ्याच्या मध्याला एक आडवी रेघ गेली. ऑगस्टात अर्धी अक्षरं. सप्टेंबरमध्ये मी म्हटलं, "नाय रे." त्यानं बोर्ड उपसून काढला, अंगठा फिरवला. भोकांच्या कडांशी खरखरीत पूड. हिरवी आहे का, त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मग माझं सोल्डरिंग वाईट. बोर्ड चांगला हाय, मी सही केलीय." आणि महिनाभर तो आपल्याच जोडांना शिव्या देत बसला, डोळ्यांना, हातांना.

नोव्हेंबरात प्रल्हाद एक पिशवी घेऊन माझ्या अंगणात उतरला, कारण रेमंड तेव्हा माझ्याकडेच बसला होता. पिशवी खाटेवर ठेवली. आतून परत आलेले बोर्ड निघाले. मालवणचे, अलिबागचे, मुरूडचे. सगळ्यांच्या कड्यांवर हिरवा गंज.

"सर," प्रल्हाद हळू आवाजात म्हणाला, "पुण्याचा एकही रिटर्न नाही. सगळे किनाऱ्याचेच. लोक लिहितायत की तपासलंच नव्हतं, नुसतं नाव छापलं."

रेमंडनं एक बोर्ड हातात घेतला, दुसरा घेतला. "पंधरा दिवस टांगला होता, प्रल्हाद."

"माहितीये सर."

"पंधरा रात्री. वही हाय."

"सर, मी तुमच्यावर नाही म्हणत. पण मी ही लाइन बंद करतोय. कल्हईचा थर वाढवून परत सॅम्पल काढायला आता कोणी माझ्यावर विश्वास ठेवणार नाही. तुमचं नाव मी पाकिटावरून काढलं असतं, पण पाकिटंच संपवली."

मी सरबत आणायला आत गेलो. खरं म्हणजे पळालो. मटिल्डा लिंबं पिळत होती. म्हणाली, "रात्रीचं काय बोलतो तो रेमंड?"

"बोर्ड रात्री बाहेर होता ना, त्याचं."

"बाहेर?" ती हसली. "दंवात? मी काय वेडी हाय? जवळा उचलताना रोज काढायची मी ती चाळन. फडक्यात गुंडाळून टोपाखाली ठेवायची. सकाळी परत बांधायची, तू उठायच्या आत. परक्याची वस्तू, एवढी नाजूक. दंव लागलेलं सुकवण वासतं, ते काय मला शिकवायला हवं?"

दिवस बुडाला की सुकवणातलं नाजूक उचलायचं. आमच्या आळीतली कुठलीही बाई हेच करेल. तिच्या आईनं केलं, माझ्या आईनं केलं. पंधराही संध्याकाळी मी क्रूसाजवळ जपमाळेच्या प्रार्थनेला होतो आणि नंतर पत्ते खेळत होतो. आणि 'काढायचा नाय' हे तिला सांगायचं माझं काम होतं. मी ती मुशीची गोष्ट संपवत होतो.

मी सरबत बाहेर नेलं. प्रल्हादनं घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेमंडकडे गेलो. वही काखेत. आयुष्यात पहिल्यांदा मी गोष्ट चार वाक्यांत सांगितली. मटिल्डा रोज संध्याकाळी काढायची. मला ठाऊक नव्हतं. मी तिला सांगितलंच नव्हतं. 'रात्रभर बाहेर' मी न बघता लिहिलं, पंधरा वेळा.

तो टेबलावरच्या तारांच्या गाठी चाचपत राहिला. एक गाठ, दोन गाठी.

"वैनीला ठाऊक हाय, काय झालं ते?"

"नाय. ती हसत होती."

"मग सांगू नको. तिनं सांभाळलं." मग म्हणाला, "कागद घे. प्रल्हादला लिहायचंय."

मी लिहायला बसलो. त्यानं सांगितलं, तपासणी चुकली, बोर्ड रात्री बाहेर नव्हता, चूक माझी. मी पेन ठेवलं. "माझी लिही. डॉमनिकची."

"सही कोनाची होती?"

"तुझी, पन वही..."

"तीस वर्षं मी पोरांना सांगत आलो, दादा, दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघून सही करायची नाय. लिही."

लिहिलं. माझ्या हातून इतकं वाईट अक्षर कधी आलं नव्हतं. मी त्याचं बोट धरून सहीची जागा दाखवली. प्रल्हादनं फोन केला, सर, राहू द्या, म्हणाला. त्यानंतर फोन नाही. त्या पाकिटांनंतर रेमंडकडे कुणी काही तपासायला धाडलेलं नाही. आल्तारावरचं पाकीट त्यानं काढलं. तिथं चौकोनी स्वच्छ जागा राहिलीय, आजूबाजूला मेणबत्तीची काजळी.

डिसेंबर लागला तसा तो एकदा आला, हातात तो जुना टांगायचा नमुना. "परत बांध. या वेळी रात्रीचा पन. किती रात्री लागतात ते तरी कळू दे."

मी वलांडीच्या टोकाला बांधला. संध्याकाळी जवळा उचलता उचलता मटिल्डानं सुतळी सोडली, बोर्ड फडक्यात गुंडाळला. मी म्हटलं, "राहू दे बाहेर." ती म्हणाली, "का?" 'का' सांगायचं तर मागच्या वर्षीचं सगळं सांगायला हवं, आणि ते सांगायचं नाही असं मी कबूल केलं होतं. मी, ज्याला कधी शब्द कमी पडले नाहीत, तिथं बोंबील मोजत उभा राहिलो.

रेमंडला हे सांगितलं. वाटलं, हसेल.

"राहू दे," तो म्हणाला. "तिच्याकडं तरी टिकेल."

आता तो विचारत नाही. पाच वाजता टीव्हीचं बटण सवयीनं दाबतो, टक् असा आवाज येतो, पण मला हाक मारत नाही. मटिल्डा सकाळी बोर्ड बांधते, संध्याकाळी सोडते. आज सकाळी चष्मा लावून बघितला. एक डाग नाही. वहीत लिहिलं नाही.